अरे, निदान भिंत तरी नीट काढा!

दुसऱ्या ऑफिसातून आलेला घराचा प्लॅन ऑटोकॅडमध्ये, म्हणजे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडला की माझं डोकं फिरायला सुरुवात होते ती भिंतींपासून. फर्निचर मांडलेलं असतं, झाडांचे ब्लॉक टाकलेले असतात, सोफ्यावर उशासुद्धा दाखवलेल्या असतात. आणि भिंत म्हणून काय, तर सुट्या रेघा. कुठे एकमेकींना भिडलेल्या, कुठे अलीकडेच थांबलेल्या, कुठे कोपरा ओलांडून पुढे गेलेल्या. हॅच, म्हणजे भिंतीत भरायचा रेघांचा नमुना, द्यायला जावं तर सीमा सापडत नाही म्हणून ऑटोकॅड नकार देतं. लाल गोल जिथे दाखवतं तिथे झूम करत जावं, तर कोपऱ्यात अर्ध्या मिलिमीटरची फट. ती बुजवली की पुढच्या कोपऱ्यात दुसरी. काही जण यावर उपाय म्हणून हॅचचा गॅप टॉलरन्स, म्हणजे चालवून घ्यायच्या फटीची मर्यादा, वाढवून ठेवतात. म्हणजे हॅच भरलं जातं, भिंत उघडी ती उघडीच राहते, आणि निस्तरायचं काम पुढच्या माणसाच्या गळ्यात.

फटीचं एक वेळ सोडून देईन. पण डायमेन्शनचा, म्हणजे नकाशावर दाखवलेल्या मापाचा, आकडा हाताने टाइप करणाऱ्यांना मी माफ करू शकत नाही. प्लॅनवर प्रत्येक बाहेरच्या भिंतीवर जाडी २३० मिलिमीटर लिहिलेली. मोजून बघा, एक भिंत २१७ निघते, दुसरी २२४.६, तिसरी २३१. त्या डायमेन्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट ओव्हरराइडचा, म्हणजे हाताने लिहिलेल्या आकड्याचा, रकाना रिकामा केला की खरा आकडा बाहेर पडतो. टॉयलेटची आतली रुंदी १२०० लिहिलीय, रकाना पुसला तर ११६३. याला मी लबाडीच म्हणते. ज्याने तो आकडा टाइप केला त्याला माहीत होतं की भिंत चुकलीय. तेवढ्याच वेळात ती भिंत सरकवता आली असती.

हे साइटवर कुणाच्या डोक्यावर फुटतं? लाइनआऊटच्या, म्हणजे जमिनीवर भिंती आखायच्या, दिवशी दोरी धरून उभ्या असलेल्या मिस्त्रीच्या. तो बिचारा कागदावरचे आकडे इमानदारीने वाचत जातो. आतली मापं आणि भिंतींची जाडी मिळवत गेलं की बेरीज बाहेरच्या एकूण मापाशी जुळत नाही, आणि राहिलेला सगळा फरक शेवटच्या खोलीत येऊन पडतो. ती शेवटची खोली बहुतेक वेळा टॉयलेट असते. तिथे ३७ मिलिमीटर कमी पडणं म्हणजे काय, हे एसीत बसून कळत नाही. त्यावर दोन्ही बाजूंनी प्लास्टर चढायचंय, टाइल लागायचीय, दाराची चौकट बसायचीय. आरसीसीवाल्यांचं, म्हणजे काँक्रीटचे कॉलम-बीम आखणाऱ्यांचंही, तेच. त्यांनी २३० चा कॉलम भिंतीच्या रेघेला लावून दिला आणि रेघांमधलं अंतर २२२ असलं, तर तो ८ मिलिमीटर खोलीत डोकावणारच. मग प्लास्टरची जाडी वाढवून झाका, नाहीतर घरमालकाची बोलणी खा.

वर सगळ्यांचं उत्तर ठरलेलं: वेळ नव्हता. हे ऐकलं की माझा पारा चढतो, कारण भिंत नीट काढायला वेळ कमीच लागतो! बाहेरची कड एका बंद पॉलीलाइनने, म्हणजे सलग जोडलेल्या रेघेने, काढा, २३० ने आत ऑफसेट, म्हणजे समांतर प्रत, मारा, चारी कोपरे आपोआप नीट जुळतात. आतल्या भिंतींना एक रेघ, तिला ११५ चा ऑफसेट, साडेचार इंची झाली. एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या काँक्रीटचा ठोकळा, असेल तर त्याची जी जाडी ठरली असेल ती टाका, १०० असो की १५०. कोपरा उघडा राहिला तर फिलेट, म्हणजे कोपरा जोडायची कमांड, घ्या आणि शिफ्ट दाबून दोन्ही रेघा निवडा, त्रिज्या शून्य धरली जाते आणि कोपरा टोकाला टोक जुळतो. जिथे भिंती टी करून मिळतात तिथे जादा रेघ ट्रिम. ऑर्थो (रेघ सरळ आडवी-उभी ठेवणारा) चालू, ऑस्नॅप (नेमक्या टोकाला चिकटवणारा) चालू, आकडा कीबोर्डवरून. डोळ्यांनी अंदाज घेऊन माऊसने क्लिक करत बसण्यापेक्षा हे कितीतरी झटपट होतं.

एमलाइन, म्हणजे एकदम दोन समांतर रेघा काढणारी कमांड, वापरायची असेल तरी माझी ना नाही. स्टँडर्ड स्टाइलमध्ये दोन रेघांतलं अंतर एक युनिट असतं, म्हणून स्केल २३० दिलं की भिंत बरोबर २३० ची येते. पण मेट्रिक फाईलमध्ये ते स्केल मुळात २० असतं आणि जस्टिफिकेशन, म्हणजे ओढलेल्या रेघेच्या कुठल्या बाजूला भिंत बसते ते, टॉप असतं, हे न बघताच लोक सुटतात. मग भिंत पाहिजे त्या रेघेच्या भलत्याच बाजूला जाते आणि खोली एका भिंतीने लहान होते. दोन भिंती मिळतात तिथे डबल क्लिक केलं की १२ पर्यायांची खिडकी उघडते. त्यातल्या ओपन टीसाठी (टी आकाराचा सांधा) जी भिंत येऊन टेकतेय ती आधी निवडायची, उलटं केलं की भलतीच भिंत कापली जाते. एवढं शिकायचा कंटाळा, म्हणून सगळं एक्स्प्लोड करून टाकायचं आणि पुन्हा सुट्या रेघांचा उकिरडा. त्यात एकावर एक बसलेल्या दुहेरी रेघा, ज्या ओव्हरकिल ही दुहेरी रेघा पुसणारी कमांड चालवल्याशिवाय दिसतसुद्धा नाहीत. आणि सर्वेच्या फाईलवर स्नॅप करून काढलेल्या रेघा, ज्यांचं एक टोक झेडमध्ये भलत्याच उंचीवर असतं. वरून बघितलं तर कोपरा जुळलेला दिसतो आणि फिलेट काही केल्या लागत नाही.

मंजुरीच्या प्लॅनमध्ये तर ही हेळसांड चालूच शकत नाही. नकाशा तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला ठरलेल्या लेअरवर (थरावर) बंद पॉलीलाइन लागतात, त्यावरूनच ते क्षेत्रफळ मोजतं. रेराच्या, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या, २०१६ च्या कायद्यात कार्पेट एरियाची, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेची, व्याख्या स्पष्ट आहे: बाहेरच्या भिंतींखालची जागा धरायची नाही, आतल्या पार्टिशनखालची धरायची. म्हणजे बाहेरच्या भिंतीची आतली कड नेमकी कुठे आहे, यावर फ्लॅट घेणाऱ्याचे पैसे ठरतात. आयुष्याची कमाई आणि वीस वर्षांचं कर्ज घालून माणूस ते घर घेतो. त्याची कड तुम्ही अंदाजाने ओढणार?

रेव्हिट हे थ्रीडी सॉफ्टवेअर घ्या, सगळं सुटेल, असं सांगणारेही भेटतात. मी रेव्हिटमधल्याही फायली बघितल्यात. तिथे भिंत ही भिंतच असते, जाडी आपोआप येते, हे खरं. पण लोकेशन लाइन, म्हणजे भिंत जिच्यावर बसते ती रेघ, सेंटरलाइनला ठेवायची की बाहेरच्या फिनिशला, याचा विचार न करता भिंती ओढल्या की जाडी बदलल्याबरोबर खोल्यांची मापं हलतात. भिंत किंचित तिरकी आहे अशी सूचना सॉफ्टवेअर स्वतःहून देतं, तीही लोक बंद करून पुढे जातात. सॉफ्टवेअर बदलून हात बदलत नाही.

नव्या पोरापोरींवर मला इतका राग नाही. राग आहे तो त्यांना शिकवणाऱ्यांवर. क्लासमध्ये टूलबारवरची बटणं डावीकडून उजवीकडे शिकवतात, हे लाइन, हे सर्कल, हे आर्क, आणि सर्टिफिकेट हातात देतात. नऊ इंची भिंत म्हणजे वीट आडवी की उभी, प्लास्टर धरून ती किती होते, खोलीचं माप प्लास्टरच्या आधीचं की नंतरचं, हे कुणी सांगत नाही. त्यांना एकदा साइटवर नेऊन विटेवर टेप धरायला लावला असता तर २१७ ची भिंत काढायला त्यांचा हात धजला नसता. आणि ऑफिसातले सीनियर? ते प्रिंट बघतात. फाईल उघडून एक भिंत मोजून बघायला दहा सेकंद लागतात, तेवढीही तसदी नाही. सकाळी सही ठोकून संध्याकाळी मेल.

यापुढे माझ्याकडे आलेल्या प्लॅनवर मी आधी सगळे ओव्हरराइड पुसणार. एकही भिंत चुकीच्या मापाची निघाली तर फाईल तशीच परत जाईल, खाली सही करणाऱ्याच्या नावे. दुरुस्त करून घेणार नाही, रात्र जागणार नाही. आणि उशीर झाला म्हणून क्लायंटने विचारलं, तर लिहिलेला २३० आणि मोजलेला २१७ हे दोन्ही आकडे त्याच्यासमोर ठेवणार.