१८७८ चा करार, मीठ आणि रेल्वे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पोर्तुगीज गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातील १८७८ च्या करारावरचा माझा लेख एकांगी आहे, असा आपला आक्षेप आहे. जकातीचे अडसर दूर होऊन गोव्याचा माल मोकळेपणाने घाटावर जाऊ लागला, मुरगावला बंदर आणि रेल्वे आली, आणि हे मी झाकून ठेवले, असे आपण लिहिता.

रेल्वेबद्दलची तक्रार रास्त आहे. १८८८ साली मुरगावची गाडी घाटावरच्या ब्रिटिश हद्दीतील कॅसलरॉकपर्यंत पोहोचली आणि पुढे धारवाड-हुबळीचा मुलूख बंदराशी जोडला गेला. ही गोष्ट एका वाक्यात उरकायला नको होती. मात्र ती रेल्वे बांधणारी कंपनी लंडनची होती आणि तिच्या भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने घेतली होती, हेही त्याच परिच्छेदात यायला हवे.

मिठाबद्दल मी जे लिहिले आहे, की कराराचा जाच मिठागरातल्या माणसाला झाला, त्यावर मात्र मी ठाम आहे. शेजारच्या ब्रिटिश मुलखात मिठावर कर होता आणि गोव्याचे करमुक्त मीठ चोरवाटांनी घाट चढून तिथे जात असे. ही गळती थांबवण्यासाठी ब्रिटिशांनी वर्षाला ४ लाख रुपये देऊन गोव्यातील मीठ-उत्पादनाचा ताबाच घेतला. ते पैसे पणजीच्या तिजोरीत गेले, मीठ पिकवणाऱ्या मीठगावड्याच्या घरात नव्हे. पेडण्यातील आगरवाड्याची मिठागरे मी जवळून पाहिली आहेत. भरतीचे पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, आत घ्यायचे, चिखल तुडवून वाफ्याचा तळ घट्ट करायचा, पाणी आटले की पांढरा थर अलगद कडेला ओढायचा, असे हे पावसापर्यंतचे काम. खारवलेली मासळी आणि मुळाशी मीठ घातलेला माड, दोन्ही त्याच मिठावर अवलंबून. त्या वाफ्याच्या बांधावर परक्या सरकारचा अंमलदार येऊन उभा राहिला, हे कराराचे गौण कलम नव्हते. आगरातल्या माणसासाठी करार म्हणजे हेच कलम होते. माडाची सूर (ताडी) काढणाऱ्या रेंदेरांचीही गत वेगळी नव्हती, कारण अबकारीची पद्धतही मुंबई इलाख्याच्या वळणावर आणण्यात आली.

करार एवढा जाचक होता तर तो टिकला कसा, असेही आपण विचारता. तो टिकला नाही. १५ जानेवारी १८८० पासून बारा वर्षे चालून १८९२ मध्ये तो संपुष्टात आला.

रेल्वेचा परिच्छेद मी या आठवड्यात वाढवतो आहे. मिठागरांचा परिच्छेद आहे तसाच राहील.