कुबडवाला डॉल्फिन, सदाचे जाळे आणि नंदूचे इंजिन

परवा संध्याकाळी मालवणच्या जेटीजवळच्या कट्ट्यावर नंदूने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली आणि वादाला तोंड फुटले. पाण्यातून आधी लांबट चोच, मग डोके आणि शेवटी करड्या पाठीवरचे कुबड वर आले. कुबडाच्या माथ्यावर चिमुकला पर चिकटवल्यासारखा दिसत होता. हिंदी महासागरातल्या या कुबडवाल्या डॉल्फिनला 2014 साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आणि आज त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते.

पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या नंदूचे म्हणणे असे, की त्याच्या होडीने कुठलाही डॉल्फिन मरत नाही. मरतात ते गिलनेटमध्ये, म्हणजे पाण्यात पडद्यासारख्या उभ्या टाकलेल्या जाळ्यात, कारण अडकलेल्या जनावराला श्वासासाठी वर येता आले नाही की ते पाण्यातच गुदमरते.

"म्हणजे खुनी आम्हीच का?" गिलनेट टाकणारा सदा उसळला. पहाटे ओढलेल्या जाळ्यात डॉल्फिनने खाल्लेल्या बांगड्यांची नुसती मुंडकी लटकलेली असतात आणि शेजारी हात आरपार जाईल एवढे भोक असते, ते शिवण्यात गेलेला दिवस कोण भरून देतो, हा त्याचा सवाल होता. पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे मोठ्या जाळ्याने अख्खा थवा घेरणाऱ्यांनी, मासळी उपसल्यामुळेच डॉल्फिन आमच्या जाळ्याकडे वळतो, हेही त्याने सुनावले, आणि त्याचा राग मला तरी खोटा वाटला नाही.

मात्र दोघेही खोलीचा मुद्दा विसरत होते. हा प्राणी सहसा 25 मीटरहून खोल पाण्यात जात नाही. किनाऱ्यालगतची आणि खाड्यांच्या मुखाजवळची उथळ पट्टी हेच त्याचे घर, आणि नेमकी तिथेच सदाची जाळी पसरतात, नंदूची होडी फिरते. त्यात मादीला एका वेळी एकच पिल्लू होते आणि दोन पिल्लांत साधारण तीन वर्षांचे अंतर असते, त्यामुळे एक मादी गेली तरी तूट लवकर भरून येत नाही. नंदूचे इंजिनही निर्दोष नाही, कारण गढूळ पाण्यात डॉल्फिन आवाजाच्या प्रतिध्वनीवरच वाट आणि भक्ष्य शोधतो आणि इंजिनाचा गोंगाट त्यात अडथळा आणतो. इतर काही डॉल्फिनांसारखा तो होडीपुढच्या लाटेवर फारसा खेळत नाही. उलट बुडी मारून भलतीकडेच वर येतो आणि पर्यटक त्याला लपंडाव समजून टाळ्या वाजवतात.

"मग कळप दिसला की लांबच इंजिन बंद करशील का?" सदाने विचारले.

"गिऱ्हाईक पैसे परत मागेल. आणि तू रात्रभर जाळ्यापाशी थांबशील का?"

"डिझेल तू भरतोस?" असे म्हणून सदाने सुईत पुन्हा दोरा भरला.