आठ विमानांत नऊ विमानांचं वेळापत्रक कसं बसवावं

विमान कंपनी काढायचं मनात असेल तर सुट्टीवाल्यांची काढा. कामासाठी उडणारा माणूस फार खट असतो. त्याला वेळेवर पोचायचं असतं, आणि तुम्ही दोनदा उशीर केलात की तिसऱ्या वेळी तो दुसऱ्याचं तिकीट काढतो. सुट्टीवाला बिचारा दहा महिने आधी पैसे भरतो, हॉटेल ठरवतो, साहेबांचे पाय धरून रजा मंजूर करून घेतो, पोरांना तारीख सांगून मोकळा होतो. त्याची मान आयतीच तुमच्या हातात. गेल्या महिन्यात माझी होती, म्हणून अधिकाराने सांगतेय.

सुरुवात ताफ्यापासून करा. विमानं आठ घ्या आणि उन्हाळ्याचं वेळापत्रक नऊ विमानांचं छापा. नववं येणारच असतं. ते कायमच येणार असतं. नाही आलं तर कारणांना तोटा नाही. 2019च्या मार्चमध्ये बोइंगची 737 मॅक्स विमानं जगभर जमिनीवर बसली, ती दीड वर्षाहून जास्त. 2023मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांत ज्या धातूच्या भुकटीचे भाग होते त्या भुकटीतच खोट निघाली, आणि एअरबसची ए320निओ जातीची शेकडो विमानं तपासणीच्या रांगेत उभी राहिली. कारणं अगदी खरी आहेत, हीच त्यांची खुबी. फक्त वेळापत्रक छापलंत तेव्हा ही रांग तुम्हाला दिसत होती, एवढं बोलू नका.

राखीव विमान? वेड लागलंय का?

उलट जी आहेत त्यांना दिवसाला तीन-तीन फेऱ्या लावा. पहिली पहाटे साडेचारला निघाली की तिसरी मध्यरात्रीच्या आत घरी येते. म्हणजे कागदावर येते. पहाटे एक टायर बदलायला दोन तास गेले, की संध्याकाळचा प्रवासी त्या टायरची किंमत भरत बसतो, आणि त्याला सांगायचं की ‘येणारं विमान उशिरा येत आहे’. बरोबरच आहे. येणारं विमान नेहमी उशिराच येतं. ते कुणी पाठवलं, हे विचारायचं नसतं.

अमेरिकेतल्या अलीजियंट या विमान कंपनीने हा हिशेब वर्षानुवर्षं उलटा मांडला होता. जुनी एमडी-80 विमानं स्वस्तात घ्यायची, गर्दीच्या दिवशी उडवायची आणि मंगळवार-बुधवारी बरीचशी सरळ उभी करून ठेवायची. विमानच स्वस्त, त्यामुळे उभं राहिलं तरी पोटात दुखत नाही. पण यात मिरवायला काय आहे? तुम्ही कोरी करकरीत विमानं घ्या, डॉलरमध्ये मासिक भाडं असलेली, म्हणजे ती एक दिवसही उभी ठेवायची सोय राहणार नाही. (त्याच अलीजियंटला पुढे फ्लोरिडात मोठं हॉटेल बांधायची हौस आली. 2023च्या डिसेंबरात ते उघडलं, 2025मध्ये बांधकामखर्चाच्या निम्म्याहूनही कमी किमतीला, 20 कोटी डॉलरना, विकलं. हौस कुणाला चुकत नाही.)

हिवाळ्यात विमानं रिकामी पडतात त्याला शहाणे लोक अदलाबदल करतात. कॅनडाच्या सनविंग या विमान कंपनीला गर्दी असायची हिवाळ्यात, युरोपातल्या टुई या सहल कंपनीला उन्हाळ्यात, म्हणून यांची विमानं मोसमापुरती तिकडे जायची आणि त्यांची इकडे यायची. तुम्ही असला शहाणपणा भर उन्हाळ्यात करा. ज्या मार्गाची तिकिटं विकून झालीत तिथलं विमान काढा आणि जिथे अजून चढ्या भावाने विकता येतील तिथे लावा. विकलेली तिकिटं कुठे पळून जातात?

आणि मागे पडलेल्या मार्गासाठी आणा वेट लीज. हा या धंद्यातला सर्वात सुंदर शोध. विमान परक्याचं, वैमानिक आणि कर्मचारी परक्याचे, देखभाल त्याची, विमाही त्याचाच. तुम्ही फक्त इंधन भरायचं, विमानतळाचं शुल्क द्यायचं आणि तिकिटावर आपलं नाव टाकायचं. शेजारणीचे दागिने घालून लग्नात मिरवण्याचाच प्रकार, फक्त इथे आहेर आधीच घेतलेला असतो. आमच्यासाठी आलेलं विमान पांढरं फटक होतं. शेपटीवर काही नाही, अंगावर काही नाही, दाराजवळ जुन्या मालकाचं नाव खरवडून काढल्याची तेवढी पुसट खूण. ते आलं चौदा तास उशिरा. मी खिडकीसाठी वेगळे पैसे भरून 31एफ घेतली होती. बोर्डिंग पास हातात धरून मागे मागे गेले तर रांगा 30ला संपल्या. तिसाव्या रांगेच्या मागे स्वच्छतागृह. हवाई सुंदरीला पास दाखवला. तिने तो वाचला, दार वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘आमच्या विमानात ही सीट नाही.’ खरंच होतं की! तिच्या विमानात नव्हती. ज्यांच्या विमानात होती ते विमान त्या वेळी दुसरीकडेच पैसे कमावत होतं. मला 18ई मिळाली, मधली, दोन धिप्पाड गृहस्थांच्या मध्ये. समोरच्या खिशात तिसऱ्याच कंपनीचं मासिक. वैमानिकाने स्वागत केलं ते चौथ्याच नावाने, आणि मग घाईघाईने दुरुस्त केलं. कुणी हसलंसुद्धा नाही. चौदा तासांनंतर हसू कुठून आणायचं?

वेळबदलाच्या मेलचं शीर्षक ‘छोटासा बदल’ ठेवा.

युरोपच्या नियमात रद्द झाल्याची खबर 14 दिवस आधी दिली तर भरपाई द्यावी लागत नाही, म्हणून अशा मेल उड्डाणाच्या बरोबर पंधरा दिवस आधी पाठवायची सवय लावून घ्या.

आता पैसा. हा भाग सोपा आहे, कारण पैसा तुमचा नसतोच. जानेवारीत लोक जुलैची तिकिटं काढतात, ती रक्कम कमाई म्हणून मिरवायची आणि जुनी बिलं भागवायची. ताळेबंदात ती देणं म्हणून दिसते, पण ताळेबंद वाचतो कोण? उन्हाळ्यात कमवायचं, हिवाळ्यात घालवायचं. म्हणूनच या कंपन्या बुडतात त्या बहुधा मोसम सरता सरता. मोनार्क बुडाली 2 ऑक्टोबर 2017ला पहाटे, आणि 1,10,000 लोकांना घरी आणायचं काम ब्रिटिश सरकारच्या गळ्यात पडलं. ब्रिटनची थॉमस कुक 23 सप्टेंबर 2019ला बंद पडली, 178 वर्षांची जुनी पेढी, त्या वेळी जगभर तिचे 6 लाख गिऱ्हाईक सुट्टीवर होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिने सहामाही तोटा जाहीर केला होता, दीड अब्ज पौंडांच्या आसपास. तरी उन्हाळाभर बुकिंग घेणं चालूच होतं. घेतलं नसतं तर उन्हाळा निघाला नसता.

पुढच्या वर्षाचं भाकीत लिहिताना भाषा सांभाळा. तोट्याला ‘संक्रमणाचं वर्ष’ म्हणा. उड्डाणं रद्द केलीत तर ‘क्षमतेबाबत शिस्त’. बॅगेचे, सीटचे, आणि आई-बाप-मुलाला एका रांगेत बसवण्याचे पैसे म्हणजे ‘पूरक उत्पन्न’. आमच्या कंपनीचं भाकीत मी विमानतळाच्या फरशीवर बसून वाचलं, अकराव्या तासाला, फोनची बॅटरी चार टक्के असताना. त्यात लिहिलं होतं की ‘ताफ्याची चपळ फेरमांडणी’ केल्यामुळे यंदा प्रत्येक आसनामागचं उत्पन्न वाढलं. वाचलं आणि कळलं, ती फेरमांडणी म्हणजे मी! मीच ती, इथे बॅगेवर डोकं टेकून पडलेली.

चपळ! अहो, चपळ कोण? विमान तुमचं, मार्ग तुमचा, आणि धावपळ आमची? सात रात्रींची सुट्टी तुम्ही पाच रात्रींवर आणलीत. हॉटेलवाल्याने दोन रात्रींचे पैसे परत दिले नाहीत, का देईल, त्याने खोली ठेवली होती. माझ्या साहेबांनी दोन दिवस वाढवून दिले नाहीत. सासूबाई, वय 74, चौदा तास धातूच्या खुर्चीवर बसल्या, आणि तुमच्या काउंटरवर एक मुलगी, एकटी, हातात कागद नाही की अधिकार नाही, सगळ्यांच्या शिव्या खात उभी. तिला तरी कुणी काही सांगितलं होतं का? लाज वाटू द्या. आठ विमानं आहेत ना, मग आठांचंच वेळापत्रक छापा. नववं आलं की तिकिटं विका. आमचे पैसे पोचल्यापासून विमान उडेपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवा, त्याला हात लावू नका. आणि विमान बदलणार असाल तर तसं दोन ओळींत स्पष्ट लिहा, ‘छोटासा बदल’ म्हणून नको.

31एफचे पैसे मागायला मी तीन मेल टाकल्यात. तिसरीला काल उत्तर आलं: सीट वापरली गेली नसल्यास शुल्क परत मिळत नाही.