विकतचं हसू

मास्तरानं पिशवीतून वह्यांचा गठ्ठा काढला आणि कट्ट्यावर ठेवला. शनिवारची संध्याकाळ, तलावपाळीवर नेहमीची गर्दी, मासुंदा तलावात बोटींचे दिवे लागायला सुरुवात झाली होती. आम्ही पाच जण आमच्या ठरलेल्या जागी. चहा अजून यायचा होता.

"नववी ब. निबंधाचा विषय, 'माझा आवडता नायक'," मास्तर म्हणाला. "38 पोरं. त्यातल्या 6 जणांनी पुष्पावर लिहिलंय. रक्तचंदनाचा चोर! पोलिसांना विकत घेणारा माणूस यांचा नायक. मी काय शिकवतोय वर्षभर?"

अन्वर ॲनिमेशनच्या स्टुडिओत काम करतो, सिनेमाबद्दल कुणी वाकडं बोललं की त्याला बसवत नाही. "तू शाळेत असताना 'दीवार'मधल्या विजयसारखी शर्टाला गाठ मारून फिरायचास. सगळ्या आळीनं बघितलंय. विजय काय पोस्टमन होता?"

"विजयला शेवटी मरावं लागलं, देवळात, आईच्या मांडीवर," मास्तर म्हणाला. "1975 चा पिक्चर. भाऊच गोळी घालतो. घरी जाताना प्रेक्षकाला कळायचं की हिशोब चुकता झाला. पुष्पाचा हिशोब कोण करतंय? पहिला भाग 2021 ला आला, दुसरा 2024 ला, गडी अजून हनुवटीखालून हात फिरवत उभाच आहे."

मास्तराचं दुःख खरं होतं. तो पोरांवर ओरडणारा मास्तर नाही, रात्री बारापर्यंत वह्या तपासणारा आहे. पण मला त्याचा मुद्दा पटत नव्हता. शेवटी मेला म्हणजे माणूस शोभून दिसायचा थांबतो थोडाच. विजय मेला म्हणून तर तो आणखी शोभून दिसला.

तेवढ्यात काका बोलले. काका बँकेतून निवृत्त झाल्यापासून संस्कृत घेऊन बसलेत आणि आमच्या कट्ट्यावर त्यांचा शब्द मानला जातो. "पहिलं म्हणजे, अँटीहिरोला, म्हणजे नायकाचे गुण नसलेल्या नायकाला, मराठीत तुम्ही लोक सर्रास प्रतिनायक म्हणता, ते जुन्या अर्थाला धरून नाही. दशरूपक या नाट्यशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात प्रतिनायक म्हणजे नायकाचा शत्रू. लोभी, उद्धत, हट्टी, पापी. रामाचा रावण. तुम्ही ज्याच्याबद्दल बोलताय तो रावण नव्हे. तो रामाच्या जागेवर बसलेला माणूस आहे, आणि राम नाही."

हे मला फार आवडलं. कारण या शब्दाखाली आपण दोन वेगळी माणसं कोंबतो. एक म्हणजे नायक व्हायला जमतच नाही असा माणूस. रशियन लेखक डोस्टोव्हस्कीनं 1864 मध्ये पीटर्सबर्गचा एक कुढणारा माजी कारकून बोलता केला आणि त्याच्याच तोंडून अँटीहिरो हा शब्द वदवला, तो या जातीचा. आपल्याकडे 'कोसला' कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर, 1963 चा. हे कुणाला मारत नाहीत, कशाचे राजे होत नाहीत. दुसरा म्हणजे नायकाचा सगळा रुबाब घेऊन वाईट कामं करणारा. मास्तराच्या सहा पोरांना हा दुसरा हवा होता. पांडुरंगावर नववीत कोण निबंध लिहिणार?

"आणि मांडी म्हणालास म्हणून सांगतो," काका मास्तराकडे वळले. "भासाचं 'ऊरुभंग' नाटक वाच. गदायुद्ध संपलंय, दुर्योधन मांड्या मोडून पडलाय. त्याचा लहान मुलगा दुर्जय धावत येतो आणि रोजच्या सवयीनं बापाच्या मांडीवर बसायला जातो. बापाला त्याला अडवावं लागतं. हीच मांडी थोपटून त्यानं भर सभेत द्रौपदीला बस म्हटलं होतं. पाहणाऱ्याला ते आठवल्याशिवाय राहत नाही. आणि मरता मरता तो पोराला काय सांगतो? द्रौपदीला आईसारखी मान."

कुणीच काही बोललं नाही. चहा आला, वैशालीनं ग्लास वाटले. ती नोकरी सांभाळून नाटक करते. त्यांच्या हौशी ग्रुपमध्ये सध्या विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मधले काही प्रवेश बसवणं चालू आहे, तिच्याकडे लक्ष्मी आहे.

"मला आठ दिवस एक प्रवेश सापडत नाहीये," ती म्हणाली. "सखाराम म्हणजे नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा. लग्न नाही, अटी पहिल्याच दिवशी सांगतो. लक्ष्मी घरात एकटी असताना एका मुंगळ्याशी बोलते. त्याला खाऊ घालते, त्याच्याशी हसते. आणि मग रात्री सखाराम तिला म्हणतो, हस. त्या मुंगळ्यासाठी हसलीस तशी माझ्यासाठी हस. तिचा पाय भाजलेला आहे, अंग दुखतंय, आणि तो तिला धमकावून हसायला लावतो. तालमीत मी हसले तर ते खोटं वाटतं, नाही हसले तर प्रवेश पडतो. दिग्दर्शक म्हणतो, तुला दोन्ही एकदम करायचंय. घाबरायचंही आणि हसायचंही."

तिनं तिथेच करून दाखवलं. हातात चहाचा ग्लास, तोंडातून एक हसू निघालं आणि गळ्यापाशी अडकलं. बाजूला भेळ खाणारं एक कुटुंब वळून बघायला लागलं. माझ्या अंगावर काटा आला.

आणि त्याच क्षणी मला 'पुष्पा' आठवला. "अरे, हाच प्रसंग तुझ्या पोरांच्या पिक्चरमध्ये आहे," मी मास्तराला म्हणालो. "श्रीवल्ली पुष्पाकडे बघत नाही. तर त्याचा दोस्त केशव पैसे देऊन ठरवतो की तिनं पुष्पाकडे बघून हसायचं. विकतचं हसू. थेटरात शिट्ट्या पडल्या. तोही बाईकडून हसू वसूल करतो, हाही करतो. सखाराम बघताना आपला श्वास अडकतो आणि पुष्पा बघताना आपण टाळ्या वाजवतो. का?"

"कारण श्रीवल्ली त्या हसण्यानंतर घरी जाऊन काय करते हे कॅमेरा बघत नाही," वैशाली पटकन म्हणाली. "तेंडुलकर लक्ष्मीला सोडत नाहीत."

माझं म्हणणं अगदी हेच होतं. मी मास्तराला सांगितलं, माणूस चोर आहे की खुनी, शेवटी मरतो की जगतो, यावर माझा आक्षेप नाही. मी फक्त एवढं बघतो की त्याच्यामुळे ज्याला भोगावं लागतं त्या माणसाला लेखकानं किती जागा दिलीय. सखारामला लक्ष्मी आहे आणि तिच्यानंतर घरात आणलेली चंपाही आहे, आणि दोघींसमोर तो दोन वेगळे माणूस होतो. शेवटी तो चंपाचा गळा आवळतो आणि सुन्न होऊन बसतो, तेव्हा खड्डा खणायला हात कुणाचे लागतात? देवभोळ्या लक्ष्मीचे. तिथे प्रेक्षक कुणाच्या बाजूनं उभा राहणार? हे नाटक 1972 चं. कमलाकर सारंगांनी बसवलेलं, निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा. सेन्सॉरनं 30 च्या वर ठिकाणी कात्री सुचवली, सारंग हायकोर्टात गेले आणि लढून प्रयोग सोडवून आणले. वाईट माणूस दाखवला म्हणून बोंब झाली. पण त्या वाईट माणसाखाली चिरडलेल्या बायका इतक्या स्पष्ट तोवर कुणी दाखवल्या होत्या?

"जागा दिली की झालं, असं नाही हं," अन्वर म्हणाला. तो इतका वेळ गप्प होता म्हणजे काहीतरी शिजत होतं. "'द लास्ट ऑफ अस' हा गेम. 2013 चा. जोएल नावाचा माणूस, साथीनं उद्ध्वस्त झालेल्या देशातून एली या मुलीला घेऊन निघालाय. त्याची स्वतःची मुलगी मेलेली. शेवटी हॉस्पिटल. एलीवर शस्त्रक्रिया केली तर लस मिळू शकते, पण ती वाचणार नाही. तू जोएल म्हणून आत शिरतोस. सर्जन हातात स्काल्पेल घेऊन उभा आहे. त्याला मारल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. मी कंट्रोलर खाली ठेवला होता. थोडा वेळ नुसता उभा राहिलो स्क्रीनवर. मग मारलं. माझ्या बोटानं. नाटकात तू बघतेस, वैशाली, इथे मी केलं."

"आणि त्या सर्जनला तू ओळखत नव्हतास," मी म्हटलं.

"ऐक ना. 2020 ला दुसरा भाग आला. त्या सर्जनला एक मुलगी आहे. ॲबी. ती जोएलला ठार मारते. आणि मग जवळजवळ अर्धा गेम तू ॲबी म्हणून खेळतोस. तिचे मित्र, तिचा बाप, तिची उंचीची भीती, सगळं तुझ्या हातात. तू म्हणतोस ती जागा याहून जास्त कशी द्यायची? आणि काय झालं? लोक इतके चिडले की ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तिला! नुसतं काम केलं होतं तिनं."

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. उलट मला त्याच जातीची दुसरी गोष्ट आठवली आणि ती सांगणंच प्रामाणिक होतं. 'ब्रेकिंग बॅड' या मालिकेतला वॉल्टर व्हाइट, रसायनशास्त्राचा मास्तर, कॅन्सर झाल्यावर ड्रग बनवायला लागतो. 62 भाग. मधे एकदा एक मुलगी त्याच्या डोळ्यांसमोर गुदमरून मरते आणि तो तिला कुशीवर वळवत नाही, नुसता बघत राहतो. इतकं बघूनही लोकांचा राग कुणावर? त्याच्या बायकोवर, स्कायलरवर. कारण ती त्याला अडवते. तिचं काम करणाऱ्या ॲना गननं 2013 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून विचारलं की एका पात्राचा इतका द्वेष माझ्यापर्यंत का पोचतोय.

"मालिकेत हे जास्तच होतं," वैशाली म्हणाली. "नाटकात दोन-अडीच तास सखाराम. मालिकेत तो माणूस वर्षानुवर्षं तुमच्या घरात जेवतो. घरचाच होतो. घरच्या माणसाला अडवणारी बाई आपल्याला आवडते का कधी?"

काका हळूच म्हणाले, "दुर्योधनाला अडवणारी गांधारी कुणाच्या लक्षात राहते?"

मास्तर इतका वेळ वही चाळत होता. आता त्यानं एक पान उघडलं. "एक सांगू? मी यातला हा निबंध नीट वाचलाच नव्हता. पुष्पाचं नाव बघितलं आणि लाल शेरा मारून मोकळा झालो. 'विषय सोडून लिहिले आहे.' आता बघतोय तर यात चंदनाबद्दल एक ओळ नाही. पोरानं पूर्ण पान साखरपुड्याच्या प्रसंगावर लिहिलंय. सावत्र भाऊ येतो, चारचौघांत सांगतो की याला बापाचं नाव नाही, आणि आईचा अपमान होतो." तो थांबला. "या पोराची आई एकटीच राहते. फॉर्मवर वडिलांच्या नावाचा रकाना मोकळा होता. मीच त्याला दोनदा विचारलं होतं."

बोटींचे दिवे पाण्यात हलत होते. अन्वरनं मास्तराच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटतं, पोराच्या नायकाला नावं ठेवण्याआधी आम्हा सगळ्यांनीच ते पान वाचायला हवं होतं. त्या मुलानं दोन पिक्चरमधून आपल्याला लागणारा तुकडा उचलला होता, आणि त्या तुकड्यात एक आई होती. पुष्पाच्या आईला त्यानं जागा दिली होती. श्रीवल्लीला मात्र त्याच्या पानावरही नव्हती.

"मग मार्क किती देणार?" वैशालीनं विचारलं.

"मार्क बघू. सखाराम काही मी नववीला शिकवू शकत नाही." मास्तरानं खिसे चाचपले. "पेन आहे का कुणाकडे? लाल नको."

वैशालीनं नाटकाच्या संहितेत खोचलेली पेन्सिल काढून दिली. मास्तरानं लाल शेऱ्यावर आडवी रेघ मारली. मग वही गुडघ्यावर घेऊन समासात लिहिलं, सावकाश, फळ्यावर लिहितो तशा अक्षरात: 'आईबद्दल फार चांगलं लिहिलं आहेस. आता श्रीवल्ली पैसे घेऊन पुष्पाकडे बघून हसली, तो प्रसंग तिच्या बाजूनं लिहून आण. सोमवारपर्यंत.'

"सोमवार लवकर होतो रे," काका म्हणाले. मास्तरानं सोमवार खोडून बुधवार केला आणि वही गठ्ठ्यात घालून उरलेल्या पाच वह्या शोधायला लागला.