परवाना लागत नाही, म्हणून एलटीसी संपू द्यायचं?

टेक्ससमधल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक निरोप पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचं सार असं: टेक्ससमध्ये आता पिस्तूल जवळ बाळगायला परवाना लागत नाही, तेव्हा तुमच्या 'लायसन्स टू कॅरी'ची, म्हणजे एलटीसीची, मुदत संपत आली असेल तर खुशाल संपू द्या. नूतनीकरण म्हणजे पुन्हा क्लास, पुन्हा खर्च, वर सरकारी यादीत नाव. वाटलंच तर नंतर कधीही करता येतं. माझ्या कार्डाची मुदत यंदा वाढदिवसाला संपत होती आणि हा निरोप मला तीन ठिकाणांहून आला. पाठवणारी सगळी माणसं चांगली, हेतूही चांगला. पण यावर विसंबून कोणी अडकलं तर फार महागात पडेल, म्हणून लिहितोय.

पहिलं वाक्य खरं आहे. हाउस बिल १९२७ हा कायदा १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाला. तेव्हापासून २१ वर्षं पूर्ण झालेल्या आणि बंदूक बाळगायला कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला टेक्ससमध्ये परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. पण ही सूट ऑस्टिनने, म्हणजे टेक्सस राज्याने, दिलेली आहे. वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्राचा, कायदा तिथेच आहे, आणि त्याबद्दल निरोपात अवाक्षर नाही.

तो केंद्रीय कायदा शाळांचा. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे, शिक्षा ५ वर्षांपर्यंत. १९९० चा मूळ कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लोपेझ खटल्यात रद्द केला होता. काँग्रेसने १९९६ मध्ये तो दुरुस्त करून परत आणला. त्यात मोजकेच अपवाद आहेत. खाजगी जागेत, म्हणजे स्वतःच्या घरात, चालतं. गोळ्या काढून कुलूपबंद पेटीत ठेवलेली असेल तर चालतं. आणि ज्या राज्यात ती शाळा आहे त्या राज्याने, माणसाची पडताळणी करून, दिलेला परवाना असेल तर चालतं. 'आमच्या राज्यात परवाना लागतच नाही' हा अपवाद त्यात नाही.

आता आपली उपनगरं डोळ्यांसमोर आणा. माझ्या घरातून निघून मुख्य रस्त्याला लागेपर्यंत एक एलिमेंटरी शाळा लागते. सकाळी पिवळे दिवे लुकलुकत असतात, क्रॉसिंगवरच्या आजी हातात थांबाची पाटी धरून उभ्या असतात, आणि माझी गाडी वीसच्या वेगाने शाळेच्या कुंपणाला जवळजवळ घासून पुढे जाते. दूध आणायला निघालं तरी हाच रस्ता. १,००० फूट म्हणजे जेमतेम ३०० मीटर. फ्रिस्को, प्लेनो, आर्व्हिंगमध्ये शाळा टाळून कुठे जाता येतं का, स्वतःच नकाशावर बघा. नुसतं शाळेसमोरून गेलं म्हणून रोज कोणी पकडत नाही, हे मान्य. पण एखादा अपघात झाला, पोलिसांनी गाडी थांबवली, आणि कमरेला पिस्तूल असेल, तर खिशातलं ते चालू कार्ड तुमच्या बाजूने उभं राहतं. मुदत संपलेलं कार्ड राहत नाही.

आपल्यातल्या ग्रीन कार्डवाल्यांनी इथे जास्त जपायला हवं. नागरिकाला शिक्षा भोगून घरी परत येता येतं. ग्रीन कार्डवाल्यावर बंदूक बेकायदा बाळगल्याचा गुन्हा सिद्ध झाला, तर इमिग्रेशन कायद्यानुसार त्याला देशाबाहेर काढता येतं. वीस वर्षांचं बस्तान, मुलांच्या शाळा, घराचं कर्ज, सगळं एका कार्डापायी पणाला लावायचं? एच-१बी वर असलेल्यांचा प्रश्न तर त्याआधीचा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले, तर त्यांना बंदूक बाळगायलाच केंद्रीय कायद्याची मनाई आहे. हाउस बिल १९२७ ने त्यांच्यासाठी काहीही बदललेलं नाही. हा निरोप त्यांना पाठवताना तरी हात आवरा.

टेक्ससच्या आतही 'काही फरक पडत नाही' हे खरं नाही. दुकानांच्या दारावरच्या पाट्या नीट वाचा. त्यांवरचे आकडे टेक्ससच्या दंडसंहितेतली कलमं आहेत. ३०.०६ आणि ३०.०७ या पाट्या परवानाधारकांना पिस्तूल आणायला मनाई करतात, ३०.०५ ची पाटी बिनपरवान्याच्या माणसाला. नुसती ३०.०५ ची पाटी असेल तिथे एलटीसीवाल्याला कायद्याचा बचाव आहे, दुसऱ्याला नाही. सरकारी विद्यापीठांत २०१६ पासून पिस्तूल झाकून नेता येतं, तेही एलटीसी असेल तरच. विमानतळाचं उदाहरण सगळ्यात जवळचं. भारतात जायच्या गडबडीत बॅगेच्या तळाशी पिस्तूल राहून गेलं आणि तपासणीत सापडलं, तर एलटीसीवाल्याने सांगताक्षणी तिथून बाहेर पडल्यास त्याला राज्याच्या कायद्यात बचाव मिळतो. टीएसएचा, म्हणजे विमानतळावर तपासणी करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा, दंड वेगळा बसू शकतो, पण फौजदारी खटल्यापुढे तो परवडला.

राज्याबाहेर तर विचारूच नका. न्यू मेक्सिको टेक्ससची एलटीसी मानतं. ती नसेल तर भरलेलं पिस्तूल कपड्याखाली झाकून तिथे गाडीतून उतरणं हा गुन्हा. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क तर कोणत्याच राज्याचा परवाना मानत नाहीत, तिथे पिस्तूल घरीच ठेवायचं.

क्लासचं म्हणणं जुनं झालं. २०१३ पासून नूतनीकरणाला क्लास लागत नाही. फी ४० डॉलर, आणि परवाना पुढची ५ वर्षं चालतो. वर चालू एलटीसी असली की नवी बंदूक घेताना दुकानात फॉर्म भरावा लागतो, पण पार्श्वभूमी तपासणीचा फोन सहसा टळतो. यादीची भीती असेल, तर परवानाधारकांची माहिती २००७ पासून गोपनीय आहे. पोलिसांना ती दिसते, शेजाऱ्यापाजाऱ्याला नाही.

राहिलं 'नंतर कधीही करता येतं'. अर्ज उशिरा करता येईलही, पण मधल्या दिवसांत तुम्ही बिनपरवान्याचे असता, आणि ती शाळा रोजच्या रस्त्यावरच असते. पहिली एलटीसी मिळाल्यापासून चार वर्षं झाल्यावर येणाऱ्या वाढदिवसाला संपते. कार्ड काढून तारीख बघा आणि दोन-तीन महिने आधी डीपीएसच्या, म्हणजे परवाना देणाऱ्या राज्याच्या खात्याच्या, साइटवर अर्ज टाका. मी एका रविवारी, चहा निवायच्या आत टाकला.