ऊन लागलेल्याच्या अंगावर थंड पाणी ओता, लगेच ओता

"उन्हातून आलेल्याच्या अंगावर थंड पाणी टाकू नका, रक्तवाहिन्या फुटतात. घाम येतोय तोवर भीती नाही. खिशात कांदा ठेवा. निघायच्या आधी दोन लिटर पाणी प्या. पहाटे निघा." कुण्या डॉक्टरच्या नावानं फिरणारा हा मेसेज आता भाचीच्या ट्रेकिंग ग्रुपवर पोचलाय. पोरं भर मे महिन्यात रामटेकचा गड चढायला निघालीत, आणि यातल्या पहिल्या वाक्यापायी एखाद्याचा जीव जाईल.

रक्तवाहिन्या फुटत नाहीत. कातडीखालच्या वाहिन्या थंड पाण्यानं आकसतात, एवढं खरं. तरीही अंगातली उष्णता पाण्याइतकी भराभर दुसरं काहीच ओढत नाही. चढताना कुणी बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, कोसळला, तर आतलं तापमान ४० अंशांपुढे गेलंय असं धरून चाला. ते अर्ध्या तासात ३९ च्या खाली आलं पाहिजे. उशीर झाला की मेंदू, यकृत, मूत्रपिंड निकामी होऊ लागतात. अमेरिकेतल्या फालमथच्या धावण्याच्या शर्यतीत १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण थेट बर्फाळ पाण्याच्या टबात बसवले गेले. सगळे वाचले.

गडावर टब नाही. म्हणून सावलीत न्या, बूट-शर्ट काढा, सगळ्यांच्या बाटल्या त्याच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर रिकाम्या करा. ओले दुपट्टे काखेत आणि जांघेत ठेवा, गरम झाले की पुन्हा भिजवा, सतत वारा घाला. एकानं १०८ लावावा, बाकीच्यांनी गाडी येईपर्यंत पाणी ओतणं, वारा घालणं थांबवू नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉलनं हे तापमान उतरत नाही.

घामाचं म्हणाल, तर चढणाऱ्याला घामानं चिंब असतानाही उष्माघात होतो. कोरडी कातडी दिसायची वाट पाहू नका. कांदा जेवणात खा, खिशात त्याचा काडीचा उपयोग नाही.

दोन लिटर पाणी एकदम ढोसणं चूकच. मूत्रपिंडं तासाला साधारण लिटरभरच बाहेर टाकतात, उरलेल्या पाण्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घ्या, आणि लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ टाका. मीठ घातलेलं कैरीचं पन्हंही चालेल.

पहाटे निघा, हे मात्र बरोबर आहे. पण परतायची वेळही आधीच ठरवा: आठ वाजता उतरायला लागायचं, मग वर पोचला असा वा नसा. हवामान खात्याचा ४५ अंश हा आकडा सावलीतला असतो, पायऱ्या उन्हात तापतात.