लेझर कुठाय?

घरच्या गॅरेजमध्ये चार फूट बाय चार फुटांचं लेझर कटर बांधायला काढलं, की लोक आधी "कसं?" विचारत नाहीत, "कशाला?" विचारतात. माझं उत्तर तयार होतं. प्लायवूड किंवा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, बाजारात आठ बाय चारच्या शीटमध्ये मिळतं. टिंबर मार्केटवाला मधोमध एक काप मारून देतो, आणि ते अर्धं शीट माझ्या मशीनवर जसंच्या तसं बसायला हवं. बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि गाडी?"

गाडी तेव्हापासून रस्त्यावर झाडाखाली असते. वर कावळ्यांची वस्ती आहे.

सांगाडा चौकोनी पाइपचा, ओळखीच्या फॅब्रिकेटरने भोसरीत वेल्ड केलेला. माणूस कसलेला, पण आयुष्य ग्रिल आणि गेटं करण्यात गेलेलं. दोन कर्ण जुळेनात, तर म्हणाला, "साहेब, सूतभर इकडेतिकडे चालतं." एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर. तेवढ्यात माझ्या मशीनचे दहा-पंधरा काप शेजारी शेजारी बसतात. हे त्याला सांगितल्यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मीच पुढचे कित्येक रविवार पत्र्याच्या पट्ट्या घालून कर्ण जुळवत बसलो.

पण खरा छळ सांगाड्याचा नाही. खरा छळ हा, की लेझर दिसत नाही. माझा लेझर कार्बन डायऑक्साइडचा, त्याच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, आणि आपल्या डोळ्यांची धाव ०.७ मायक्रॉनपाशी संपते. नळीतून निघालेला किरण तीन आरशांवरून वळत वळत भिंगापर्यंत कसा पोचतो, हे कुणालाच दिसत नाही. मलाही नाही. म्हणून आरशावर मास्किंग टेप चिकटवायची, क्षणभर किरण सोडायचा आणि टेपवर डाग कुठे पडला ते बघायचं. मग आरसा दुसऱ्या टोकाला सरकवून पुन्हा तेच. दोन्ही डाग एकावर एक पडले पाहिजेत. आरसा असा कललेला, की किरण एक दशांश अंशाने चुकतोय, तर अडीच मीटरवर डाग चार मिलिमीटर सरकतो. छोट्या मशीनमध्ये हे खपून जातं, मोठ्यात भिंगाच्या कडेवर आदळतं. प्रत्येक आरशामागे तीन स्क्रू असतात. एक वरखाली करायला, एक डावीउजवीकडे करायला, आणि तिसरा पहिल्या दोघांनी केलेलं बिघडवायला.

शेजारचे काका रोज संध्याकाळी फिरून येताना डोकावतात. "कुठाय लेझर?"

"काका, तो दिसत नाही."

"दिसत नाही? आणि पैसे किती घातलेस म्हणालास?"

त्यांना जरा अभिमान वाटावा म्हणून मी कुमार पटेलांची गोष्ट सांगितली. हा लेझर त्यांनी १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये शोधला. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग आपल्या पुण्याच्या कॉलेजात. काका लगेच म्हणाले, "बारामतीचे? मग बरोबर आहे. करतंय कोण ते दिसायचं नाही, कापलं गेलेलं तेवढं दिसायचं."

बघायला येणारा प्रत्येक जण आणखी एक गोष्ट हटकून करतो. मशीन चालू झालं, की नीट दिसावं म्हणून झाकण उचलतो. झाकण अॅक्रिलिकचं आहे. ते पारदर्शक असलं तरी हा किरण त्यातून बाहेर पडत नाही, म्हणून तर लावलंय. शिवाय झाकणाला स्विच आहे, ते उघडलं की लेझर बंद. पाहुणे झाकण उचलतात, लेझर विझतो आणि पाहुणे हळहळतात, "बिघडलं वाटतं!" घरच्या घरी बनवलेल्या वस्तूकडून त्यांची हीच अपेक्षा असते.

कौतुक होतं ते लाल ठिपक्याचं. किरण कुठे पडणार ते कळावं म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारातून, एक चिल्लर किमतीचा लाल डायोड आणून लावलाय. त्याने कागदही तापत नाही. पण भावजय त्याचे फोटो काढून गेली.

घरात या मशीनला एकच समर्थक लाभली, ती म्हणजे आई. त्याचं सोवळं तिला फार पटलं. मीटरभराहून लांब काचेची नळी, तिला गार ठेवायला तिच्याभोवती फिरवायचं पाणी डिस्टिल्डच लागतं, नळाचं चालत नाही. नळीला वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि नळाचं पाणी वीज वाहून नेतं. झिंक सेलेनाइडच्या पिवळट भिंगाला तर बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकट ठसा किरणाने तापतो आणि भिंग तडकतं. "या घरात कोणीतरी शिवाशिव पाळतंय," आई म्हणाली. भिंग ज्या कापसाने पुसतो तो अल्कोहोलमध्ये भिजवलेला असतो, हे मी तिला सांगितलेलं नाही.

२०१८ च्या थर्माकोलबंदीनंतर एमडीएफच्या मखरांना भाव आला, आणि माझ्याकडे मशीन असल्याची बातमी आळीभर गेली. गणपती येतात ते नेमके दमट हवेत. पाणी जास्त गार ठेवलं तर नळीला घाम सुटतो आणि वीज नको तिथे उडी मारते. पाणी कोमट झालं, तर किरणाचा जोर जातो. एमडीएफ दमटपणाने फुगून वाकतं, मग एका कोपऱ्यात काप आरपार आणि दुसऱ्यात नुसती रांगोळी. त्यात गुरुवारी वीज जाते. धुराचा पाइप काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांच्या दिशेने निघाला होता. काकूंनी दोरी हलवली नाही, मला पाइप हलवायला लावला.

मग एकदा काका स्वतःच्या नावाची पाटी करायला सनबोर्ड घेऊन आले. सनबोर्ड बहुतेक पीव्हीसीचा, म्हणजे क्लोरीन असलेल्या प्लास्टिकचा. तो लेझरखाली धरला, तर हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो फुफ्फुसांना वाईट आणि रेल, बेअरिंग गंजवणारा. "काका, हा नाही चालणार."

"एवढं मोठं मशीन, आणि साधी पाटी नाही?"

आता पुरावा देणं आलं. त्यांना स्वयंपाकघरात नेलं. तांब्याची तार पकडीत धरून गॅसवर लाल केली, सनबोर्डला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. क्लोरीन असलं की ज्योत हिरवी होते. झाली. झळझळीत हिरवी. बायको "माझा गॅस!" म्हणून ओरडली, पण काकांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"अरे वा!" ते म्हणाले. "इतके दिवस सांगितलं नाहीस. उद्या नातवंडांना घेऊन येतो, लेझर बघायला."